बाप्पांच्या मागचा लाल दिवा

मंडळी, ऐका! आजचा प्रश्न अगदी सोपा आहे. तुमची चूक कुणी तुम्हाला तोंडावर सांगितली — तर तुम्ही काय बंद करता? ती चूक? का सांगणाऱ्याचं तोंड?... खांबाला टेकलेले काका, हसू नका, काकू बघतायत!

तर चिपळूणला यशवंतराव रेडीज म्हणून एक गृहस्थ राहत होते. माणूस सज्जन. तंबाखू नाही, पत्ते नाहीत. व्यसन एकच — गाडी! वडिलांनी घेतलेली, जुनी, पांढरी, फुगीर गाडी. रविवार उजाडला की यशवंतराव गाडीखाली! पोस्टमन यायचा, गाडीखालून बाहेर आलेल्या दोन पायांना विचारायचा, "रेडीज आहेत का?" — आणि पाय म्हणायचे, "ठेव पायरीवर!"

सगळं घरच्या घरी. गॅरेजवाल्याचा हात म्हणून गाडीला लागू द्यायचे नाहीत. प्लग घासायला पॉलिश पेपर, फॅन बेल्ट बांधायला परकराची नाडी! आणि कार्बोरेटर धुतला कशात? बायकोच्या, सुलभाताईंच्या देवघरातल्या ताम्हनात! दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी श्रद्धेनं तीर्थ घेतलं — आणि सगळ्यांचे डोळे पांढरे!

पण मंडळी, जीव होता हो त्यांचा तिच्यावर. वडील गेले. मागे राहिलं काय? स्टिअरिंगवर वडिलांच्या हातांनी झिजलेली जागा. यशवंतराव बरोबर तिथंच हात ठेवून गाडी चालवायचे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पुरुषमाणूस, सांगतोय कसला!

सुलभाताई मात्र कावल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, माझ्या माहेरच्यांनी मला कधी गाडीतून येताना बघितलंय का? गाडीच्या मागून येताना बघतात! पदर खोचून, धक्का मारत! आता माझ्या भाचीचं लग्न आहे पाटणला. ही बया आपल्या पायांनी घाट चढून मांडवात पोचली तर ठेवा. नाहीतर सोमवारी भंगारवाला!"

झालं! यशवंतरावांची झोप उडाली. गाडी धुतली, हवा भरली, रेडिएटरला पाणी पाजलं. आणि निघायच्या आदल्या दिवशी गाडी चालू करून बघतात — तर समोर लाल दिवा लुकलुकतोय! ऑइलचा! म्हणजे काय? इंजिनात तेल कमी पडलं की हा दिवा पेटतो. गाडी बिचारी सांगतेय, "मालक, घसा कोरडा पडलाय!" तेल खालून गळत होतं. दुरुस्त करायचं तर इंजिन खोलायला हवं. वेळ कुठाय? आणि सुलभाताई बसणार शेजारी, त्यांना हा दिवा दिसला की संपलंच!

मग काय केलं असेल? सांगा, सांगा!... तेल घातलं? छे हो! एवढी सरळ बुद्धी असती तर त्यांचं आख्यान कशाला झालं असतं? त्यांनी लग्नपत्रिका घेतली. त्यावरचा चकचकीत गणपती कात्रीनं कापला. आणि चिकटवला — बरोब्बर त्या लाल दिव्यावर! सुलभाताईंनी बघितलं. म्हणाल्या, "अगंबाई! आज देव आठवला!"

निघाली स्वारी. पुढे दोघं, मागे यशवंतरावांची म्हातारी आत्या. आत्याबाईंच्या मांडीवर डबा — घाण्यावरचं शेंगतेल, लग्नघरी घारगे तळायला. बाजारच्या तेलावर त्यांचा विश्वास नाही.

कुंभार्लीचा घाट लागला. पहिलं वळण आलं, उरलंसुरलं तेल एका बाजूला गेलं, दिवा पेटला — आणि पातळ कागद तो! बाप्पांच्या पोटातून लाल प्रकाश! आत्याबाई मागून ओरडल्या, "यशवंता! देव उजळला रे!"

"ऊन पडलंय, आत्ये."

"सावलीत कसलं ऊन? साक्षात आहे, साक्षात!"

वळण संपलं, देव विझले. पुढचं वळण आलं, देव पुन्हा हजर! सुलभाताईंनीही हात जोडले. आणि इंजिनातून आवाज सुरू झाला... बुवा, जरा पखवाजावर घ्या — टक! टक! टक! हां, अस्सा! कोरड्या इंजिनाची टकटक ती. आत्याबाईंना वाटलं, टाळ वाजतोय. त्यांनी टाळ्या धरल्या, आरती सुरू केली! चढ वाढतोय, टकटक वाढतेय, आत्याबाईंची लय वाढतेय! गाडीत सगळे भक्तिरसात न्हालेत, आणि एकटे यशवंतराव घामात!

मनात म्हणतायत, "बाप्पा, तुम्ही विघ्नं घालवता ना? मग एवढं एक करा — विझा!" देवाला विझा म्हणणारा भक्त बघितलाय कधी?

"यशवंता, माग काय मागायचं ते!" आत्याबाई म्हणाल्या. "असा योग पुन्हा नाही!"

तेवढ्यात टकटकीत घरघर मिसळली. स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. त्या झिजलेल्या जागेवर हात होते, मंडळी... आणि यशवंतराव मनात हिशेब करतायत. थांबलो तर अट मोडली, गाडी भंगारात. नाही थांबलो तर इंजिन इथंच जळतंय, आपल्याच हातानं! आणि बायकोपुढे तोंड उघडायचं ते वेगळंच!

गाडी बाजूला घेतली. बंद केली. नमस्कार करून बाप्पांना अलगद सोललं, खिशात ठेवलं. "सुलभा, हा चमत्कार नव्हे. ऑइलचा दिवा आहे. कालपासून पेटतोय. मी झाकला."

मग मागून आवाज आला, "म्हणजे मी इतका वेळ बल्बची आरती केली?"

बॉनेट उघडलं. तेल मोजायची पट्टी ओढली — ठणठणीत कोरडी! घाटात दुकान कुठलं? सुलभाताईंनी पदर खोचला. आत्याबाईंच्या मांडीवरचा डबा उचलला आणि पुढे केला. "ओता."

"अगं, हे इंजिन आहे! कढई नव्हे!"

"ओता म्हणते ना!"

ओतलं! मंडळी, हे घरी जाऊन करू नका हं. नाहीतर उद्या तुमच्या गाड्या आणि माझी पाठ! पण त्या दिवशी टकटक थांबली. हळूहळू, म्हशीच्या चालीनं, गाडी घाट चढली. पाटणला मांडवाच्या दारात शिरली आणि काय सांगू — गरम तेलाचा तो खमंग वास! सगळं वऱ्हाड वळलं! "भजी आली, भजी आली!" एक गृहस्थ तर ताटली घेऊन सायलेन्सरपाशी उभे राहिले!

यशवंतरावांनी मान खाली घालून चावी बायकोच्या हातात दिली. "वाटेत थांबली. अट मोडली. बोलव भंगारवाल्याला." डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या.

सुलभाताई म्हणाल्या, "थांबली नाही ती, तुम्ही थांबवलीत. ती बिचारी कालपासून खरं बोलत होती. खोटं तुम्ही बोललात. आता दोघांतलं भंगारात कुणाला द्यायचं, ते तुम्हीच सांगा!"

गाडी राहिली. यशवंतरावही राहिले — थोडक्यात बचावले!

आता तुमच्याकडे वळतो. माना खाली घालू नका! बायको म्हणते, "अहो, चिडचिड वाढलीय तुमची" — की लगेच तुमचं मौनव्रत! सून म्हणते, "सासूबाई, फार लागेल असं बोललात" — की लगेच हातात जपमाळ! देव चिकटवायला आपण मोठे पटाईत. देव रागावत नाही, गरीब आहे तो. पण मागे पेटलेल्या दिव्याचं काय?

आज घरी गेल्यावर आपापला बाप्पा नमस्कार करून जरा बाजूला सरकवा, आणि मागे काय पेटलंय ते बघा. कळलं नाही, तर घरच्यांना विचारा. त्यांना ते केव्हाचंच दिसतंय!