बिबट्याचं इंजेक्शन

शहापूरच्या एसटी स्टँडवर ठाण्याच्या गाडीची वाट बघत नवरा, बायको आणि दीर एका बाकड्यावर बसले होते. शेजारच्या बाकड्यावरच्या सकुबाईने दुसरीकडे बघितलं तरी तिला ऐकू येतच होतं.

"वहिनी, केटामिन बिबट्याला बेसुद करायला देतात. वनखात्याच्या कामावर डोल्यांनी बगितलंय मी. तेच दादाला टोचनार?"

"डॉक्टर मापात देतो भावजी, मंग समोर बसून ह्यांच्याशी बोलतो. दोन वर्सं मनाच्या दुखन्याच्या गोल्या खाऊन काय फरक पडला?"

"नशा हाय ती! मी नाय येनार."

"इंजेक्शननंतर घरी आनायला सोबत मानूस लागतो. शोभेला नाय आनलं तुमाला."

"मनाचं कसलं दुखनं? सगली नाटकं."

"बिबट्या विहिरीत पडला, तवा अख्खा गाव दोर घेऊन धावला. सगल्यांच्या पुडं तुमी! हे त्याच विहिरीच्या कठड्यावर रडत बसले, तवा दार लावून घेतलंत."

"मला काय म्हाईत, ह्यो तिथं..."

इतका वेळ मान खाली घालून बसलेला नवरा पहिल्यांदा बोलला.

"धन्या, मी तुला हाक मारली व्हती रे."