दादांची दुनळी परत न दिल्याबाबत

माझे व वडिलांचे नाव वरच्या रकान्यात लिहून घेतले आहे, ते बरोबर आहे. वय ४९ वर्षे, धंदा बंदूकदुरुस्ती, राहणार दुकानाच्या मागच्या खोल्यांत. शिक्षण विचारले. शाळा सातवीत सुटली, पुढचे सगळे माझे मी शिकलो. "अल्पशिक्षित" असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले आहे.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, माझे परवाना असलेले दुरुस्तीचे दुकान आहे व मला सगळे मिस्त्री म्हणतात. तक्रारदार हे माझे सख्खे थोरले भाऊ असून मी त्यांना दादा म्हणतो. त्यांची फळबाग आहे व ते बागेतल्याच घरात एकटे राहतात. त्यांची तक्रार अशी की, त्यांची परवान्याची दुनळी बंदूक मी दुरुस्तीसाठी घेतली व काम होऊनही परत देत नाही. ही तक्रार खरी आहे.

तक्रारदार व मी आज सकाळी एकाच स्कूटरवरून ठाण्यात आलो. स्कूटर माझी. दादा मागे बसले होते. वाटेत खड्डा आला तेव्हा त्यांनी माझा खांदा धरला व पुढे सोडला नाही. ठाणे अंमलदार मॅडमनी "तक्रार करणारे कोण आणि ज्यांच्यावर तक्रार आहे ते कोण?" असे दोनदा विचारले, म्हणून हे लिहून ठेवावे.

नव्या शस्त्र कायद्याबद्दल माझे मत विचारले. ते गुपित नाही. बंदूक परवानेदार संघाचा मी चिटणीस आहे. हा कायदा मी शब्दकोश शेजारी ठेवून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला आहे. त्यात एक कलम असे की, घरातल्या कोणीही अर्ज दिला की अमक्याच्या हातात बंदूक असणे धोक्याचे आहे, तर पोलिसांनी ती बंदूक त्याच दिवशी जमा करून घ्यावी आणि परवाना थांबवावा. या कलमाविरुद्धचे पत्रक मी लिहिले. ठाण्याच्या फाटकासमोरच्या भिंतीवर आहे ते तेच. त्यातली शुद्धलेखनाची चूक छापखान्याची आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. रानाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला कोणी मदतीला येईपर्यंत स्वतःच उभे राहावे लागते. बंदूक त्याच्या घरात फावड्याइतकीच कामाची वस्तू आहे. ज्याने काही केलेले नाही, त्याच्याकडून ती काढून घेणे अन्याय आहे. भावाभावांत बांधावरून कुरबुर असली तर एक अर्ज पुरे, आणि ज्याच्याविरुद्ध अर्ज त्याला समोर बोलावून विचारायचेही नाही. सगळे पाठीमागून. येत्या रविवारच्या सभेत मी यावरच बोलणार आहे व बोलणारच आहे.

येथे मी उठून दाराबाहेर पाहिले. दादा व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. मॅडम म्हणाल्या, "मिस्त्री, बसा की. ते कुठं पळून जाणार आहेत?" मी बसलो.

बंदुकीबाबत सांगतो. दुनळी आमच्या वडिलांची. वडिलांनंतर ती थोरला म्हणून दादांच्या परवान्यावर चढली. रानडुकरांपासून बाग राखायला ती वापरली जाते. दादांचा नेम चांगला आहे, परंतु ते बहुतेक वेळा हवेत बार काढतात. डुकरे पळतात, तेवढे त्यांना पुरते. गेल्या महिन्यात ते स्वतः ती दुकानात घेऊन आले. दोन्ही नळ्यांचे घोडे जोराने आपटत नव्हते, आतल्या स्प्रिंगा थकल्या होत्या. दादांनी उजव्या नळीचे काम करण्यास सांगितले. डावीचे करू नये असे सांगितले. मी कारण विचारले नाही.

वहिनी गेल्या हिवाळ्यात वारल्या. याचा तक्रारीशी संबंध नाही.

दुकानात माझी एक पद्धत आहे. काम बाकी असलेल्या बंदुकीच्या दस्त्याला लाल दोरा बांधतो आणि काम झाले की तो सोडून पांढरा बांधतो. पांढऱ्या दोऱ्याची बंदूक पुढच्या फळीवर ठेवतो. मागे अंगणात वाळूने भरलेला खोका आहे. मालकाने स्वतः त्यात दोन्ही नळ्यांचे बार काढून पाहायचे, मगच बंदूक न्यायची. ही पद्धत मला कोणी शिकवलेली नाही, मीच पाडली. गावातले सगळे परवानेदार ती पाळतात. दादाही आजवर पाळत आले.

दादा बंदूक न्यायला आले तेव्हा मी स्प्रिंग मिळत नाही असे सांगितले. पुन्हा आले तेव्हा स्प्रिंग आली पण मापाची नाही असे सांगितले. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, "धाकट्या, स्प्रिंग आणतोयस की पेरलीयस? पीक कधी निघायचं सांग, तेव्हा येतो." मी हसलो. तेही हसले. चहा घेऊन ते गेले. ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो.

स्प्रिंग माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होती. बंदूक दुरुस्त होऊन पडली होती. दोन्ही नळ्या दुरुस्त होत्या. मॅडमनी विचारले की, द्यायचीच नव्हती तर दुरुस्त कशाला केली? याचे उत्तर असे की, उघडलेले काम मला तसेच टाकता येत नाही. आणि काम झाल्यावर लाल दोरा ठेवणे हाताला जमले नाही. मी पांढरा दोरा बांधला व बंदूक पुढच्या फळीवर न ठेवता कपाटामागे उभी केली. आज सकाळी मी गिऱ्हाइकाशी बोलत असताना दादा आत आले, कपाटाकडे गेले आणि त्यांना पांढरा दोरा दिसला.

पुढचे बोलणे शब्दशः सांगतो, कारण कोणाच्या तरी जबाबात ते उलटसुलट यायला नको.

दादा म्हणाले, "ही तयार आहे."

मी म्हणालो, "आहे."

"मग दे."

"आज नाही देत."

"सभेत टेबलावर मूठ आपटून सांगतोस, परवानेदाराची बंदूक कोणी काढून घ्यायची नाही. टाळ्या घेतोस. आणि स्वतः काय करतोयस? तुझ्यापेक्षा सरकार परवडलं, निदान पावती तरी देतं."

गिऱ्हाईक हसले. मी त्याला उद्या यायला सांगितले.

दादा म्हणाले, "कारण सांग."

मी कपाटासमोर जाऊन उभा राहिलो.

"मग चल, ठाण्यात सोड मला. तुझ्यावर तक्रार करायचीय. रिक्षा मिळत नाही या वेळेला."

मी बंदूक कपाटात ठेवून कुलूप लावले, किल्ली खिशात घातली व स्कूटर काढली.

मॅडमनी मला कायद्याची बाजू समजावून सांगितली. ती मला ठाऊक होती, तरी ऐकून घेतली. मालकाचा परवाना चालू असताना दुरुस्तीवाल्याने विनाकारण बंदूक अडवली तर पोलीस ती ताब्यात घेऊन मालकाला देतात व दुरुस्तीवाल्याच्या परवान्यावर कारवाई होते. म्हणजे मी गप्प राहिलो तर माझे दुकान बंद होईल आणि बंदूक संध्याकाळच्या आत दादांच्या घरी जाईल. मी म्हणालो, "दुकान बंद करा. बंदूक माझ्याकडे राहू द्या." मॅडम म्हणाल्या, "असं कुठल्या कायद्यात आहे? तुम्ही तर सगळा वाचलाय." मी म्हणालो, कुठल्याच नाही.

त्या म्हणाल्या की, दुसरा रस्ता आहे, तो तुमच्याच पत्रकात आहे. नव्या कलमाखाली अर्ज द्या. कारण सांगा. बंदूक इथे जमा होईल, तुमच्यावर काही येणार नाही.

मी अर्ज देणार नाही असे सांगितले. तसे लिहून घेण्यासही सांगितले.

येथे मी पुन्हा उठून बाहेर पाहिले. बाक रिकामा होता. मी बाहेर गेलो. व्हरांड्यात कोणी नव्हते. फाटकापर्यंत गेलो, फाटकाबाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिले, परत आलो. हवालदार म्हणाले, "अहो, काय झालं? कुणाला शोधताय?" मी तसाच मागच्या बाजूला गेलो. दादा इमारतीच्या मागच्या नळावर तोंड धूत होते. मला पाहून म्हणाले, "झालं का तुझं? भूक लागलीय मला." मी म्हणालो, होतंय. त्यांना बाकावर बसवले आणि आत येऊन उरलेला जबाब देण्यास तयार असल्याचे सांगितले.

वहिनींचा तक्रारीशी संबंध नाही असे मी वर सांगितले आहे. ते वाक्य खोडू नये, पण पुढचे त्याला जोडून वाचावे. वहिनी गेल्यापासून दादांनी बाग राखणे सोडले आहे. डुकरांनी झाडांची आळी उकरली, नवीन कलमे मोडली, तरी ते घरातून उठून आले नाहीत. फळ उतरवले नाही, ते झाडाखालीच सडले. कुत्रा दूधवाल्याला देऊन टाकला. तो कुत्रा वहिनींचा होता व दादांच्या पायाशी झोपायचा. पंपघराची किल्ली मला आणून दिली आणि म्हणाले, "असू दे तुझ्याजवळ." ज्या माणसाला डुकरे आल्याचे काही वाटत नाही, तो बंदूक मात्र दुरुस्त करायला घेऊन आला.

त्या दिवशी ते नेमके काय बोलले ते मी वर पूर्ण सांगितलेले नाही. आता सांगतो. मी म्हणालो होतो, दोन्ही करून टाकतो, डुक्कर एका बारात थांबत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. त्यावर दादा म्हणाले, "डावीची भानगड करू नकोस. मला एकच लागणार आहे."

मी बंदुकीचे काम करत मोठा झालो. दुनळीचा कोणताही मालक असे बोलत नाही.

मॅडमनी लिहिणे थांबवले व अर्जाचा कागद पुढे केला. मी म्हणालो की, अर्ज पाठीमागून देणार नाही. कलमाला माझा विरोध आहे तो याच गोष्टीसाठी आहे. दादांना आत बोलवा. वरचे सगळे त्यांच्यासमोर वाचा, मग सही करतो. मॅडम म्हणाल्या, "कलमात तशी अट नाही." मी म्हणालो, "तेच तर मी वर्षभर ओरडतोय." त्यांनी हवालदारांना दादांना बोलवायला सांगितले.

दादा आत येऊन खुर्चीवर बसले. मॅडमनी वाचले. "मला एकच लागणार आहे" हे वाक्य आले तेव्हा दादा खिडकीकडे पाहत होते. वाचून झाल्यावर मॅडमनी कागद खाली ठेवला. मला उठावेसे वाटत होते, पण आता बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते.

मग दादांनी मला विचारले, "डावीपण केलीस ना?"

मी म्हणालो, "केली."

"वाटलंच. तुझ्या हातून अर्धं काम व्हायचंच नाही."

मॅडमनी त्यांना विचारले, "हे खरं आहे का, आजोबा?" दादा म्हणाले, "माझ्या भावानं सांगितलंय ना? तो कमी-जास्त सांगत नाही. स्वभावच तसा, लहानपणापासून डोकं खातो." त्यांनी चष्मा काढला, पुसला व पुन्हा लावला. मला म्हणाले, "जमा कर. पण पावती घे. माझ्या नावावर."

त्याप्रमाणे मी अर्जावर सही केली व हवालदार माझ्यासोबत दुकानात आले. मी कपाट उघडून दुनळी त्यांच्या ताब्यात दिली. दस्त्याला पांढरा दोरा होता. दादांनी बार काढून पाहिलेले नसल्याने मी तो सोडून लाल बांधला. परत मिळेल तेव्हा ते माझ्या अंगणात दोन्ही नळ्यांचे बार काढून पाहतील, मगच ती त्यांच्याकडे जाईल. पावती दादांच्या नावे मिळाली, ती त्यांच्याजवळ आहे.

दादा आजपासून माझ्या घरी राहतील. ते अजून हो म्हणालेले नाहीत. आमची ही सकाळपासून दोनदा फोन करून विचारत होती, दादा जेवायला येणार का. तिला मी हो कळवले आहे. संध्याकाळी दूधवाल्याकडे जाऊन कुत्रा मागणार आहे.

नव्या कलमाला माझा विरोध आहे तसाच आहे. रविवारी मी सभेत बोलणार आहे. आज अर्ज दिला हेही मी तिथे स्वतः सांगेन, दुसऱ्या कोणी सांगायच्या आत.

जबाबाच्या शेवटी "कोणाच्याही भीतीपोटी दिलेला नाही" असे छापलेले आहे. ते मला मान्य नाही, ते खोडून पुढीलप्रमाणे लिहावे. हा जबाब मी भीतीपोटी दिला आहे. ती भीती पोलिसांची नव्हती. बाकी सर्व मजकूर मला व माझ्या थोरल्या भावाला एकत्र बसवून वाचून दाखवला, तो मी सांगितल्याबरहुकूम आहे.