आबांच्या पट्ट्यावरचा काप

आमी मूळचे पोशीरचे, पिढीजात वस्तऱ्याचं काम. आजा तेच करायचा, आबा तेच करायचे, मी आता नेरळला दुकान टाकून बसलोय, फिरती खुर्ची, मोठा आरसा, सगळं हाय. पण काय सांगू तुम्हाला, वस्तरा आता कोण धरतो, ब्लेडचं अर्धं पान मोडून घालायचं आणि गिऱ्हाईक उठलं की फेकायचं, धार लावायचा प्रश्नच नाय. म्हणून तुमी परवा दुकानात आलात आणि म्हणालात, मला जुन्या वस्तऱ्यानं स्वतःची दाढी करायला शिकायचंय, पहिला पट्टा कंचा घेऊ, आणि मोबाईलवर चामड्याचे चार पट्टे दाखवलेत, तेव्हा मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाय. मी म्हणालो, सगळ्यात स्वस्त असंल तो घ्या. तुमी का म्हणून विचारलंत आणि मी विषय बदलला. आज सांगतो, लिहून घ्या.

पट्टा म्हंजे काय, तर वस्तऱ्याची धार दाढीच्या आधी चामड्यावर ओढून सरळ करायची. पाठ पुढं, धार मागं. टोकाला पोचला की वस्तरा पाठीवर पलटायचा, पाठ चामड्यावरनं उचलायचीच नाय. नवशिका घाई करतो आणि धारेवरच पलटतो, की चामडं कापलं. सगळ्यांचं कापतं. ही गोष्ट आबांना माहीत होती, म्हणून मी अठरा वर्षांचा झालो तेव्हा त्यांनी कर्जतच्या चांभाराकडनं म्हशीच्या जाड चामड्याचा एक तुकडा आणला, खरबरीत, कडा वेड्यावाकड्या, आणि म्हणाले, हा तुझा पहिला पट्टा रं सुरेश, हा कापलास तरी मला वाईट वाटणार नाय, माझ्याला मात्र हात लावायचा नाय.

मला त्या तुकड्याची लाज वाटली बगा. माझ्या वयाची पोरं कर्जतच्या सलूनमधी उभी राहून काम करायची आणि मी पडवीत बैलाच्या वादीगत दिसणाऱ्या तुकड्यावर हात फिरवत बसायचो. आबांचा पट्टा आजापासूनचा, काळाभोर, मऊ, त्यावर वस्तरा ओढला की नुसता पाण्यावरनं गेल्यासारखा जायचा. आबा वाडीवर कामाला गेले की मी खांबावरचा त्यांचाच पट्टा घ्यायचो. पंधरा दिवस काय झालं नाय, मंग मला वाटलं आपल्याला जमलं, आपण जोरात ओढू लागलो, आणि एका दुपारी धारेवर पलटलो. बोटभर काप गेला. चामड्याची पापडी उचलली.

सांगायला पाहिजे होतं. आबा मारकुटे नव्हते हो, एक शब्द बोलले असते आणि गप बसले असते. पण मी सायकलच्या पंक्चरचं सोलुशन आणलं, पापडी चिकटवली, वरनं बुटाचं काळं पॉलिश चोळलं आणि पट्टा होता तसा टांगला. दिसत काय नव्हतं. सोलुशन मात्र पापडीखाली गाठ होऊन वाळलं, आणि गाठीवरनं ओढलं की वस्तऱ्याची धार मुडपते, हे मला कुठं ठाऊक.

दुसऱ्या दिवशी आमच्याच आळीत लग्न. नवरदेवाची दाढी हळदीच्या आधी आबांनीच करायची, तो मान आमच्या घराचा. माणूस बोलवायला लवकर आला, आबांनी घाईत पट्ट्यावर चार हात मारले, एरवी ते अंगठा फिरवून बगायचे, त्या दिवशी बगितलं नाय. मी शेजारी उभा होतो. तोंड उघडलं नाय.

मांडवात पहिलाच हात, आणि नवरदेवाच्या जबड्याखाली वस्तरा अडकला. रक्त पांढऱ्या सदऱ्यावर. बायका कुजबुजायला लागल्या, अपशकुन झाला म्हणे. नवरदेवाचा चुलता म्हणाला, हात गेला तुझा, पोराला दे आता. आबांनी वस्तऱ्याकडं बगितलंच नाय, स्वतःच्या हाताकडं बगितलं, उलटा करून, सुलटा करून. मंग धोकटी माझ्यापुढं सरकवली. माझा शिकायचा वस्तरा आणि आबांनी दिलेला तो खरबरीत तुकडा त्यातच असायचा, मी वस्तरा काढला, त्या तुकड्यावर ओढला आणि दाढी पुरी केली. एक ओरखडा नाय. लोक वा वा म्हणाले, नारळ आणि उपरणं मला दिलं. मी घेतलं. ते नारळ घेतलेले हात मला अजून आठवतात, स्वतःचीच घाण वाटते.

आबांनी पुन्हा वस्तरा धरला नाय. पट्टा फडक्यात गुंडाळून पेटीत टाकला, उलगडून बगितला नाय, आणि माथेरानला जाऊन लोकांच्या बॅगा डोक्यावरनं वाहिल्या, बारा-तेरा वर्षं. गावची कामं माझ्याकडं आली, माझं लग्न त्यावर झालं, दुकान त्यावर झालं. रोज वाटायचं आज सांगू, मंग वाटायचं आता सांगून काय उपयोग, आणि तेच सोपं होतं म्हणून तेच करत आलो.

आबा आता नव्वदीला टेकलेत. डोळ्यांनी अंधुक दिसतं, कान चांगले हायत. सोमवारी माझं दुकान बंद, तेव्हा मी त्यांची दाढी करतो. दर सोमवारी गालावर हात फिरवून म्हणतात, तुझा हात चांगला हाय रं, माझा लवकर गेला. आणि मंग भरलेली बशी उचलून चहा पितात, तुमी या आणि बगा, थेंब सांडत नाय. तेव्हाही सांडत नव्हता. त्यांचा हात कधी गेलाच नव्हता, हे या जगात मला एकट्याला ठाऊक, आणि मी चाळीस वर्षं ते माझ्यापाशी ठेवलं.

तुमी हे सगळं लिहून घेतलंत ना. मला ते तोंडानं जमणार नाय, दहा वेळा बसलो त्यांच्यापुढं, जीभच उचलत नाय. म्हणून येत्या सोमवारी घरी या आणि हे त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा, जसं सांगितलं तसं, माझ्या बाजूनं काय गोड करू नका. पेटीतला पट्टा मी काढून ठेवलाय. तुमी वाचाल तेव्हा मी आबांचा अंगठा त्या कापावर धरून बसेन. ते काय बोलतील ते बोलू दे, हात सोडवून घेतला तरी चालंल, मी उठून जाणार नाय. तुमचं भलं होवो, आणि पट्टा तेवढा स्वस्तातला घ्या.