वजनकाट्याच्या कॉम्प्युटरचा पहारा

तुम्ही हसाल, पण नागपूरच्या इंजिनिअरला विंडोज मी शिकवलंय. लालबर्रा रोडवर माझा वजनकाटा. संशयास्पद वागणारा प्रोग्राम जागीच बंद करणारा पहारा विंडोजमध्येच असतो, हे मी वाचलं आणि एका सकाळी सगळ्या प्रोग्रामांवर तो लावून टाकला. झालं! वजनाची पावती काढणारा आमचा जुना प्रोग्रामच उघडताक्षणी बंद पडायला लागला. बाहेर धानाचे सात ट्रक. पुढचा ड्रायव्हर ओरडला, "सेठ, दूसरे काँटे पे जाऊँ क्या?"

काट्याचा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या त्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "काका, पहारा पूर्ण काढून टाका, नाहीतर फॉरमॅट करावं लागंल. उद्या येतो."

मी म्हटलं, "काहून काढू? माह्या गोदामाच्या चौकीदारानं माह्या सख्ख्या भावाले फाटकात अडवलं होतं. म्हणून मी चौकीदार काढला नाही, भावाचं नाव त्याच्या वहीत लिहून दिलं. याचीही अशी वही असंलच!"

पुन्हा त्या सेटिंगमध्ये गेलो. खाली 'हे प्रोग्राम सोडून' अशी रिकामी यादी होती, तिच्याखाली 'अ‍ॅड'चं बटण. तिथं वजनाचा प्रोग्राम जोडला. पहारा कायम राहिला, पावती निघाली, एकही ट्रक परतला नाही. इंजिनिअरला कळवलं, "यादी सापडली, उद्या येऊ नको."

पंधरा दिवसांनी बैहरच्या एका काट्यावरून त्याच इंजिनिअरचा फोन, अगदी हळू आवाजात. "काका, ती यादी कुठं सापडली तुम्हाले?"

मी म्हटलं, "सांगतो बेटा. गिऱ्हाईक बाजूलेच उभं आहे ना? मग मधेमधे 'यस सर' म्हणत जा. त्याले वाटू दे, तू कंपनीशी बोलून राह्यला."