उपरण्याखालचा सौदा

तुमच्या पहिल्या मूकपटाला पैसे कुणी दिले, असं कुणी विचारलं की मला धरणगावच्या एका कापूसवाल्या शेठजींचं उपरणंच आठवतं. अर्धा मूकपट काढून झाला होता आणि पुढची कोरी फिल्म घ्यायला पैसे उरले नव्हते. जळगावात सगळ्यांनी चहा पाजून मला वाटेला लावलं होतं. या शेठजींनी मात्र सगळं ऐकून घेतलं, आमच्या हातांवर उपरणं टाकलं आणि खालून माझी दोन बोटं दाबली. मला वाटलं, बिचारे धीर देतायत! मी गहिवरून त्यांचा अख्खा हात घट्ट धरला. ते उपरणं उचलून खांद्यावर टाकत म्हणाले, "बरं, मंजूर."

ओसरीवर मुनीम मला म्हणाला, "भारी निघालात भाऊ! शेठजी दोन हजार म्हणत होते, तुम्ही बठ्ठा पाची बोटांचा पंजा धरून पाच केले. कापसाचा भाव आम्ही असाच ठरवतो."

मी आल्या पावली परत आत गेलो. "शेठजी, मला ती बोटांची भाषा येत नाही हो. मी नुसता तुमचा हात धरला."

शेठजी हसले. "चाळीस वर्षं लोक या उपरण्याखाली माझी बोटं धरतायत, भाऊ. हात कुणी धरला नव्हता. पाचच राहू द्या."