झेंडीपलीकडे

—त्या खुर्चीत नको, ती नोबीची आहे. पायरीवर बस. आणि तो केक ठेव तिकडं कठड्यावर, मी खाणार नाही, पण आणलायस तर ठेव, कुत्रं खाईल. तुझ्या पोरानं माझ्या नातीचा गळा चिरला आणि तू चर्चमधनं उठून मला केक घेऊन आलीस, ओडेला. बरोबर आहे — रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जाऊ नये, आईनं शिकवलं असेल. काय म्हणालीस आत्ता? परत म्हण. तुरुंग बंद करा? सगळे? थांब, हसू दे मला. हसलो की खोकला येतो, तेवढा जाऊ दे.

परवा ते दुसरे आले होते, तुरुंग सुधारा म्हणणारे. गोरे, गळ्यात ओळखपत्रं, घामानं निथळत होते बिचारे. बराकीत पंखे हवेत म्हणे, शेतात बर्फाचं पाणी हवं, मलमपट्टीला खरा डॉक्टर हवा — तुम्ही इतकी वर्षं आत काढलीत, फोन्टनो साहेब, राजधानीत, बॅटन रूजला येऊन आमदारांपुढं सांगा. साहेब! उभ्या जन्मात मला कुणी साहेब म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं कशासाठी, तर पंख्यासाठी. हाकललं त्यांना. आणि आता तू, त्याच बॅटन रूजला चला म्हणत. तुमच्या टोळीला पंखा नको, बर्फ नको, भिंतच पाडायची. बरं, पाडली. मग तुझा जार्विस कुठं ठेवायचा? बोल ना. माझ्या स्वयंपाकघरात? नोबीच्या बिछान्यावर? ती त्याला सोडून आली एवढाच तिचा गुन्हा, आणि तो मागनं आला सुरा घेऊन. मी पाहिलंय तिला, शवागारात. चादर हनुवटीपर्यंत ओढली होती त्यांनी, म्हटलं काढा. नका बघू म्हणाले. काढा म्हटलं ना! — मान नव्हती ती, बाई. कोंबडीची असते तशी... जाऊ दे. तू आई आहेस, तुला कशाला सांगू. नाही, तुलाच सांगतो. तूच ऐक.

तुरुंगाची बाजू घेतोय असं समजू नकोस. माझ्याइतका त्याला शिव्या देणारा अख्ख्या ओपेलुसास गावात सापडायचा नाही. मला आत टाकलं तेव्हा ज्यूरीतले दहा जण म्हणाले दोषी, दोघं म्हणाले नाही. ते दोघंच काळे होते. त्या काळी आपल्या राज्यात दहा पुरायचे. ते दोघं बसले काय नि नसले काय. आता बाराच्या बारा लागतात — तुझ्या पोराला बाराच्या बारा मिळाले, त्यात निम्मे आपले. मग मला काय काम लावलं? कापूस. आणि कापूस सरला की भेंडी. माझ्या पणज्याचा बाप त्याच नदीच्या काठावर गुलाम म्हणून मालकाचा कापूस वेचत मेला, आणि मी कमरेला बेल्ट नाही म्हणून सुतळी बांधून तोच कापूस वेचतोय, नि मागं घोड्यावर गोरा बसलाय बंदूक मांडीवर टाकून. बदललं काय? घोडा बदलला.

तुला झेंडी माहीत नाही ना? कशी असणार, भेटीला येणाऱ्यांना दाखवत नाहीत. शेताच्या चार कोपऱ्यांना काठ्या रोवतात, काठीला लाल चिंधी. चिंधीच्या आत आहेस तर कैदी, बाहेर पाऊल पडलं तर पळणारा. आणि पळणाऱ्याला गोळी. त्यात मेख अशी, की काम पुढं सरकलं की काठ्याही उपटून पुढं रोवतात. सकाळी जिथं उभा राहून मुतलास ती जागा दुपारी बाहेरची. जुन्यांना पायांनीच कळतं, नव्याला नाही कळत. थर्मन म्हणून एक होता, नवाच, दात पुढं आलेले, सारखा गात असायचा. त्याची टोपी उडाली. वाऱ्यानं की कुणी उडवली, देव जाणे. टोपी हरवली तर काळकोठडी, म्हणून हा गेला आणायला. वाकला. पहिली गोळी ढुंगणात — घोड्यावरचा हसला, मी ऐकलं हसू. थर्मन उठून आमच्याकडं यायला लागला, आत यायला, कळतंय का? आत येत होता तो! दुसरी तोंडात. ते पुढं आलेले दात भेंडीच्या पानांवर सांडले, मी होतो तीन ओळी सोडून. आणि आम्ही? आम्ही खाली माना घालून तोडत राहिलो. थांबलास तर तिसरी तुला. संध्याकाळी सांगितलं, पळत होता. टोपी हातात घेऊन!

—म्हणूनच तर. म्हणूनच पाडायचा म्हणतेस. हो. मलाही वाटायचं. दर रात्री वाटायचं, जाळावा तो, गोऱ्यांसकट, घोड्यांसकट. पण ती चादर काढली ना, ओडेला, तेव्हा मला काय वाटलं सांगू? वाटलं, बरं झालं ते शेत अजून आहे. बरं झालं तिथं भेंडी लावतात. बरं झालं माझ्या बराकीतला क्लिओफस अजून जिवंत आहे, पाण्याची बादली घेऊन कैद्यांच्या टोळीमागं फिरतो, आणि माझ्यासाठी एका पोराची टोपी उडवणं त्याला काय जड—

...

काय बघतेस?

काही नाही म्हणालो मी. म्हाताऱ्याचं तोंड सैल असतं. केक घे तुझा आणि... नको, हात सोड माझा. सोड म्हणतो. हो! हो, पाठवलाय निरोप! क्लिओफसच्या बहिणीकडनं, गेल्या रविवारी, तुझ्याच चर्चमध्ये, तुझ्या मागच्या बाकावर बसून! नव्यांना उद्या सोमवारी पहिल्यांदा शेतात काढतात. तुझ्या पोराला बारा जणांनी जन्मठेप दिली, मला जन्मठेप नको होती, मला—

मारलंस.

बरं केलंस. मार अजून. ओठ फुटला, असू दे, दात तसाही हलतच होता. इतका वेळ देवाधर्माचं बोलत होतीस, आता बरी दिसतेस. आता माझ्यासारखी दिसतेस.

रडू नकोस. ऐक. ऐक म्हणतो ना, रडणं गाडीत कर! निरोप आत पोचलाय, आता परत येत नाही, क्लिओफसची बहीण पुढच्या रविवारी जाणार. मी जाऊ शकत नाही, सुटलेल्याला ते फाटकाच्या आत घेत नाहीत. तुला घेतात. आज भेटीचा वार आहे, दुपार कलली की फाटक लावतात. त्याला सांग, काही पडलं, काही उडालं, टोपी, बूट, स्वतःचा हात तुटून पडला तरी — वाकायचं नाही. काळकोठडीत टाकू देत. तिथनं माणूस बाहेर येतो. मी आलोय. आणि पाणीवाला जवळ आला की तहान लागली तरी दूर हो म्हणावं.

नाही, नाही केली माफी. बोलूच नकोस तो शब्द. मला आत्ताच्या आत्ता ती घोड्यावरच्याची बंदूक दिली ना, तर मीच चालवीन तुझ्या पोरावर, आणि हसणारही नाही. पण चालवायची तर मी. त्या हसणाऱ्याला नाही देणार नोबीचं काम. तिच्या नावावर तो पुन्हा हसेल, आणि रात्री घरी जाऊन जेवेल.

बॅटन रूज? तू अजून बॅटन रूजचं विचारतेस? येत नाही मी. पंखेवाल्यांबरोबर नाही, तुमच्याबरोबर नाही. काय सांगू तिथं — की पाडा म्हणणाराही मीच, आणि त्याच शेताकडनं माणूस मारवून घेणाराही मीच? कुठल्या बाकावर बसवतील मला?

गाडीची किल्ली हातातच आहे तुझ्या, बाई. दुसरा हात बघ. हां. पुलावरनं नको जाऊस, रविवारी गर्दी असते, नदीकाठच्या रस्त्यानं जा. पोलिसानं थांबवलं तर हात स्टिअरिंगवर ठेव, उलट बोलू नकोस, कितीही बोलला तरी, ऐकलंस? पोचायचंय तुला.

अजून उभी? नीघ!