सिलेवानी घाटातलं मतदान

हसाल तर हसा, पण माझं चुकलं का, हे अजून ठरत नाही. ऐंशीच्या दशकात सौंसरच्या आमच्या मोटार क्लबात मी, नामदेव आणि गुलाबराव असे तिघे होतो आणि गुलाबरावांच्या संत्र्याच्या बागेत त्यांची बंद पडलेली जुनी गाडी. रोज संध्याकाळी तिच्यात जागच्या जागी बसून आम्ही दूरदूर जायचो. दिल्लीच्या मोटार क्लबांच्या राष्ट्रीय संघटनेत सामील व्हायची मला फार हौस, अर्जही भरून ठेवला होता, पण त्यांना चालती गाडी हवी होती.

नामदेव म्हणाला, "इंजिन खोलून वर्षभर नागपूरले ठेवा लागन, सर. मंग संध्याकाळी जाचं कशात?"

शेवटी गाडीतच मतदान घेतलं: एक मत माझं, एक विरोधात. मी म्हटलं, "गुलाबराव, होकार असेल तर हात वर करा."

स्टिअरिंग घट्ट धरून ते म्हणाले, "सर, सिलेवानीचा घाट चढून राहिलो. हात सोडू कसा?"

मी अर्ज खिशात ठेवला आणि खिडकीतून दरी पाहू लागलो.